आतेसासूबाईंचा अकरावा मजला

आमच्या आतेसासूबाईंनी नापास केली नाही अशी वस्तू पालघर जिल्ह्यात अजून तयार व्हायची आहे. वस्तू म्हणतो ते आपलं सोयीसाठी. माणसं, आंबे, भटजी, लग्नातली जेवणं, गणपतीच्या मूर्ती, डॉक्टरांची निदानं, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं नापास होऊन परत आलेलं आहे. यात त्यांचा दोष नाही, नोकरीचा आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथे काम एकच. पांढऱ्या दिव्यासमोर औषधाची बाटली धरायची, उलटी करायची, सुलटी करायची, आत कणभर कचरा तरंगताना दिसला तर डावीकडे ठेवायची, नाही दिसला तर उजवीकडे. डावीकडे रिजेक्ट, उजवीकडे पास. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी नारळ दिला, शाल दिली, दिवा मात्र तिथेच ठेवून घेतला. डोळा त्या घरी घेऊन आल्या. तेव्हापासून लग्नात कोकम सरबताचा ग्लास हातात आला की त्या तो आधी ट्यूबलाइटसमोर धरतात, आणि त्यांनी धरला की अख्खी पंगत आपापले ग्लास खाली ठेवून निकालाची वाट बघते.

मी त्यांच्या भाचीचा नवरा. मूळचा मिरजेकडचा, नोकरीसाठी बोईसरला आलो आणि सफाळ्याजवळच्या माकुणसारच्या घरात जावई झालो. मुलगी बघायला म्हणून गेलो होतो, पण तिथे बघितला गेलो तो मीच. पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो तोच आतून एक काटक बाई आल्या आणि म्हणाल्या, "जरा उजेडात या." मी उठून खिडकीपाशी गेलो. "वळा." वळलो. पोहे हातातच होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग परत वरपासून खालपर्यंत, आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे वळून निकाल दिला, "पास हाय. पण झाकण सैल हाय." म्हणजे माझ्या पोटात काही राहत नाही. त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं, आणि त्या एका वाक्यामुळे सासरी मला आजतागायत कोणी गुपित सांगितलेलं नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. आलेली सगळी स्थळं आपण रिजेक्ट केली असं त्या सांगतात. खरं काय ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. त्या राहिल्या भावाकडेच, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. सासऱ्यांची पानवेलीची वाडी आहे, माणूस अबोल, वेलीशी बोलतो तेवढंच बोलतो. सासूबाईंचं आणि आत्यांचं मेतकूट तर असं की एकीने भाजीला मीठ घातलं हे दुसरीला वासावरून कळायचं. त्या घरात आत्यांना कधी कोणी उणं बोललं नाही. तरी एक गोष्ट मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दिसली. आत्यांच्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका असायचा. पेल्याच्या बुडाला ठिपका, कंगव्यावर ठिपका, छत्रीच्या दांड्यावर ठिपका, चार्जरच्या वायरीवर ठिपका. एकदा मी नकळत ठिपक्याच्या पेल्यातून पाणी प्यायलो तर त्यांनी माझ्यासमोर तो पेला राखेने घासला आणि तितक्याच प्रेमाने मला दुसऱ्या पेल्यात पाणी दिलं. मधल्या खोलीत भिंतीला खुंट्यांची रांग होती, त्यातल्या शेवटच्या खुंटीवर ठिपका होता. एवढ्या मोठ्या चौसोपी घरात त्यांच्या मालकीची ती एक खुंटी होती, आणि तिच्यावर त्यांची पर्स लटकत असायची.

तर अशा आमच्या आत्या निवृत्तीनंतर एका दुपारी बोईसरला माझ्या घरी आल्या, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मला खोली बघायची हाय. भाड्याने."

"कोणासाठी?" मी विचारलं.

"मी काय सांगितलं? मला."

मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे न बघता आत्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आत्या, बाबा काही बोलले का? आई काही बोलली का?"

"कोण काय बोलणार? तुझी आई माझ्या वाटची पण काळजी करते. मला माझं दार पायजे. बेल वाजली की मी उठून उघडीन असं. बास." मग माझ्याकडे वळून, "उंचावरची बघा. खालची नको. खालच्या खोलीत कोणपण डोकावून विचारतो, आहे का कोण घरात."

भाड्याची त्यांना काळजी नव्हती, साठवलेलं त्यांचं त्यांचं होतं. काळजी होती ती मला. कारण जावयाने सासऱ्यांच्या बहिणीला घराबाहेर पडायला खोली शोधून द्यायची, आणि परत सासरी जाऊन पाटावर बसून जेवायचं, याला लागणारं धैर्य आमच्या मिरजेच्या घराण्यात कधी कोणी दाखवलेलं नाही. पण आत्यांसमोर नाही म्हणणं हे त्याहून मोठं धैर्याचं काम होतं, म्हणून मी एजंटला फोन केला.

एजंट म्हणजे दोन मोबाइल आणि एक मोटरसायकल असलेला गृहस्थ. बोईसरमध्ये गेल्या काही वर्षांत जिथे जिथे भातखाचर होतं तिथे तिथे आता टॉवर आहे, आणि प्रत्येक टॉवरच्या लिफ्टची चावी या गृहस्थाच्या खिशात असते असा त्याचा दावा होता. पहिल्याच भेटीत त्याने सुरुवात केली, "मॅडम, आपके लिए स्टुडिओ अपार्टमेंट बेस्ट राहील. एकदम मॉडर्न, ओपन किचन, सिटी व्ह्यू..."

"म्हंजे एक खोली ना?"

"एक खोलीच. पण स्टुडिओ..."

"मग खोली बोल."

जागा पसंत करण्याची आत्यांची पद्धत त्या बिचाऱ्याला माहीत नव्हती. मलाही नव्हती. त्या खोलीत शिरायच्या, खिडकी उघडायच्या, नळ सोडून बघायच्या, मग पर्समधून एक जुनी चादर काढून फरशीवर अंथरायच्या आणि सरळ आडव्या व्हायच्या. पदर डोळ्यांवर. "तुमी बोलत राहा, मला चालेल," असं म्हणायच्या आणि झोपायचा प्रयत्न करायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. जिथे दुपारची झोप लागत नाही ती जागा घर नव्हे, कचेरी आहे. मग मी आणि एजंट बाहेर जिन्यात उभे. स्टेशनजवळच्या खोलीत गाडीच्या भोंग्याने त्या उठून बसल्या आणि चादर झटकत म्हणाल्या, "रिजेक्ट." दुसऱ्या खोलीत शेजारीण दर पाच मिनिटांनी मिक्सर लावत होती. "हिच्या घरी रोज चटणीच खातात काय? रिजेक्ट." तिसरी खोली कारखान्यांच्या बाजूला होती, तिथे झोप लागायच्या आधीच वास लागला. "या वासात नोकरी केली, आता पेन्शनीत पण तोच वास? चला." तेवढ्यात एजंटला मात्र जिन्यावर बसल्या बसल्या छान झोप लागली होती. त्याला हलवून उठवावं लागलं.

अकराव्या मजल्यावरची खोली बेटेगावच्या बाजूला होती. इमारत नवीकोरी, आजूबाजूला अजून थोडी शेतं शिल्लक, लांबवर उमरोळीकडचे डोंगर. आत्यांनी खिडकी उघडली तसा वारा आत आला आणि एजंटच्या हातातला कागद घेऊन दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. त्यांनी चादर अंथरली, आडव्या झाल्या, आणि थोड्याच वेळात घोरू लागल्या. एजंटने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. आम्ही दोघं पाय न वाजवता बाहेर येतो तोच लिफ्टमधून घरमालक उतरले. नगरकडचे गृहस्थ, नोकरीतून निवृत्त झालेले, त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचे. आपल्या रिकाम्या फ्लॅटच्या मधोमध एक अनोळखी बाई गाढ झोपलेली बघून ते दारातच थबकले. मी तोंडावर बोट ठेवून म्हटलं, "हळू. पसंत पडतीय."

त्या उठल्यावर बोलणं झालं.

"कोण कोण राहणार?" मालकांनी विचारलं.

"मी."

"आणि?"

"आणि मीच."

"तसं नाही. आम्ही फॅमिलीलाच देतो. तुमची फॅमिली कोणती?"

"सांगते ना. मीच."

मालक वाईट नव्हते. अवघडलेले होते. म्हणाले, "बघा ताई, एकट्या बाईमाणसाला जागा द्यायची म्हणजे उद्या दुखलंखुपलं, काही झालं, तर जबाबदारी कोणाची? तुम्ही असं करा, तुमच्या भावाला घेऊन या. ते एकदा हो म्हणाले की चावी तुमची."

आत्यांनी चादरीची घडी घातली. चारही कोपरे नीट जुळवले. मग मालकांकडे बघून म्हणाल्या, "भाऊ येणार हाय. पण तो माझ्या घरी पाहुणा म्हणून येणार. जामीन म्हणून नाय."

"मग अवघड आहे, ताई."

"अवघड हाय तर हाय. मी बसते."

मला वाटलं तिथेच बसतात. तसं नाही. त्या खाली उतरल्या आणि इमारतीच्या फाटकापाशी वॉचमनच्या खोलीशेजारी जो सिमेंटचा कट्टा आहे त्यावर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माकुणसारहून परत आल्या, परत कट्ट्यावर. येताना पातेलंभर मोड आलेले कडवे वाल आणले होते, ते सोलत बसल्या. तिसऱ्या दिवशी परत. मी कारखान्यातून सुटून तिकडून जाताना हळूच डोकावायचो. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा एकट्या होत्या. मग एक नांदेडकडची बाई शेजारी बसून विचारत होती, हे वाल इतके कडू, मग खायचे कशाला? मग दोन बायका त्यांच्याबरोबर सोलत होत्या. त्या इमारतीत नांदेड, सातारा, ओरिसा, बिहार, जिथून जिथून म्हणून माणूस कारखान्यात येतो तिथली तिथली कुटुंबं आहेत, आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही. लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघतात. आत्यांना मात्र आठवड्याभरात कोणत्या मजल्यावर कोणाची सून बाळंत व्हायची आहे आणि कोणाचा नवरा रात्रपाळीला आहे, म्हणजे त्याच्या दाराची बेल वाजवायची नाही, हे पाठ झालं. वॉचमन मूळचा बिहारचा. तो पार्सलं त्यांच्याजवळ ठेवून जेवायला जाऊ लागला. पाण्याच्या टँकरवरून दोन बायकांचं भांडण जुंपलं ते आत्यांनी कट्ट्यावरून न उठता मिटवलं. दोघींनाही रिजेक्ट केलं म्हणे, त्यामुळे दोघींची एकी झाली.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी एकदा आमच्या घरमालकांना लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, "तुमच्या भाडेकरू बाई फार चांगल्या आहेत हो."

"त्या अजून भाडेकरू नाहीत," मालक म्हणाले.

"मग कोण आहेत?"

मालक सहाव्या मजल्यावर उतरले आणि सरळ घरात गेले. त्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी स्वतः चावी घेऊन खाली आल्या आणि आत्यांना म्हणाल्या, "या, वरती बसून सोला. इथे ऊन येतं." आत्यांनी चावी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि कमरेला खोचली.

खरा डोंगर पुढेच होता. माकुणसारला ही बातमी कळली तेव्हा मी दुर्दैवाने तिथेच होतो. सासरे ओट्यावर बसून विड्याच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधत होते. आत्यांनी सरळ सांगितलं, दसऱ्याला मी बोईसरला राहायला जाते. सासऱ्यांचे हात थांबले.

"बाय, तुला काय कमी पडलं इथे?"

"कायपण नाय."

"मग लोक काय बोलतील? भावाने बहिणीला काढली बोलतील."

"तू काढलीस नाय, मी निघाले. लोकांना तसं सांग."

"लोक ऐकतात काय?" एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. "आणि जावईबापू, तुमी पण?" मी तेव्हा ताकाचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ खाली घेतला नाही. सासरे उठून वाडीत गेले. त्यानंतर भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं. दसऱ्याला आत्या दोन बॅगा आणि एक पोळपाट घेऊन निघाल्या तेव्हा सासूबाईंनी दही हातावर घातलं आणि डोळे पुसले. सासरे दिसले नाहीत. त्यांना म्हणे वेलीला बांध घालायचे होते.

नव्या खोलीसाठी आत्यांनी पहिली खरेदी कशाची केली असेल? गॅस नाही, पलंग नाही. पाट. सुताराकडून चांगला शिसवी पाट करून घेतला, घरी आणून पूर्वेच्या भिंतीपाशी मांडला, आणि स्वतः त्याच्या बाजूला फरशीवर बसल्या. बायको म्हणाली, "आत्या, झोपायला पलंग तरी घ्या." तर म्हणाल्या, "पलंग नंतर. आधी भाऊबीज येते." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "आत्या, भाऊबीज तर तुम्ही दरवर्षी करता की." त्या हसल्या. म्हणाल्या, "ती कसली भाऊबीज, जावईबापू? दादा पलंगावरून उठून पाटावर बसायचा, मी ओवाळायची, तो पाटावरून उठून परत पलंगावर बसायचा. त्याचंच ताट, त्याचंच तेल, त्याच्याच घरातले तांदूळ. गावातल्या बाकीच्या बायकांचे भाऊ गाडी पकडून येतात, घामेजून येतात. त्या पुढे होतात, पिशवी घेतात, पाणी देतात, दमलास काय विचारतात. मी एवढी म्हातारी झाले, माझ्या भावाला दमलास काय विचारायचा चान्स मला कधी मिळाला नाय." हे सांगताना त्या पाट पुसत होत्या. तो आधीच स्वच्छ होता.

आणि इथेच घोडं अडलं. दिवाळी आली, फराळ झाला, लक्ष्मीपूजन झालं, तरी दोन्हीकडे हालचाल नाही. बायकोने आत्यांना सुचवलं, "बाबांना एक फोन करा ना, या म्हणून." आत्या ताठ. "सख्ख्या भावाला भाऊबीजेचं बोलावणं? कोणच्या गावात करतात? भाऊ आपणहून येतो. बोलावून आणला तर ती भाऊबीज नाय, मीटिंग झाली." बायकोने तिकडे वडिलांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "घर नवं हाय. नव्या घरात बोलावल्याशिवाय कोण पाय ठेवत नाय. तुझ्या आत्याने मला बोलावलंय काय? नाय ना? मग." दोघंही रीतीला धरूनच बोलत होती, हीच पंचाईत. भाऊबीजेला बोलावणं करायचं नसतं आणि नव्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नसतं, या दोन्ही गोष्टी गावात कोणीही मान्य करील. पण नव्या घरातली भाऊबीज गावात यापूर्वी कोणत्या साठीच्या बाईने काढलेली नव्हती, त्यामुळे निवाडा द्यायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, मी सांगतो दोघांना की दुसऱ्याचा निरोप आलाय. बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. झाकण सैल असलेल्या माणसाने खोटं बोलू नये हे मलाही पटलं.

फक्त एक झालं. पाडव्याला आम्ही माकुणसारला गेलो होतो. सासरे पान लावत बसले होते. चुना लावता लावता, वर न बघता, त्यांनी मला विचारलं, "तिथे लिफ्ट चालते काय?"

"चालते."

"मधेच बंद पडली तर?"

"जिना आहे."

"हं," म्हणाले, आणि पान तोंडात टाकलं. मी हे आत्यांना सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव राखलेलं गुपित.

भाऊबीजेला आम्ही दोघं सकाळीच अकराव्या मजल्यावर हजर झालो. बायकोचा भाऊ दुबईला असतो, त्याची भाऊबीज मोबाइल ताटात ठेवून ओवाळून झाली होती. आत्या पहाटेपासून चुलीशी, म्हणजे ओट्याशी, उभ्या होत्या. वालाचं बिरडं, वडे, शेवयांची खीर. नवी साडी, केसात अबोलीची वेणी. पाटाभोवती रांगोळी. बारा वाजले. एक वाजला. त्या खिडकीकडे एकदाही गेल्या नाहीत. बायको म्हणाली, "आत्या, तुम्ही दोन घास खाऊन घ्या." त्या म्हणाल्या, "ओवाळल्याशिवाय खातात काय?" पुन्हा झाकण उघडून भात बघितला, पुन्हा ठेवला. मी घड्याळाकडे बघितलं तर मला म्हणाल्या, "मी वाट बघत नाय हां. भात निवतोय तो बघते." असं म्हणून झाकण तिसऱ्यांदा उघडलं. मला सासऱ्यांचा इतका राग आला की उठून माकुणसारला जावं आणि जावई असण्याचे सगळे नियम मोडून त्यांना चार शब्द सुनवावेत असं वाटलं.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. मी उचलला.

"साहब, नीचे एक बुजुर्ग आए हैं," वॉचमन सांगत होता. "पूछता हूँ किसके घर जाना है, तो बोलते ही नहीं."

मी आत्यांकडे बघितलं. त्या जवळ आल्या. रिसीव्हरमधून खालचं सगळं ऐकू येत होतं. वॉचमन परत विचारत होता, "बोलो ना बाबा, किसके घर?" नुसता फाटकापाशी रिक्षाचा आवाज. मग सासऱ्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि ज्या माणसाने आयुष्यात हिंदी बोलण्याची वेळ स्वतःवर येऊ दिली नव्हती तो माणूस म्हणाला, "मेरे बहन का घर हाय इधर. मेरे बहन के घर को जाना हाय."

आत्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. अकरा मजले खाली फोनशिवायही ऐकू गेलं असतं अशा आवाजात त्या म्हणाल्या, "हां, मेरे घर का मेहमान हाय! भेजो उसको वर!" आणि मग रिसीव्हर ठेवायचं विसरून पदराने तोंड पुसत दाराकडे धावल्या.

लिफ्टमधून वॉचमनने त्यांना हात धरून बाहेर काढलं. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, एका हातात केळीच्या पानात बांधलेल्या पानांच्या कवळ्या, दुसऱ्या हातात नारळांची पिशवी, बगलेत साडीचं पुडकं. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. बोईसर स्टेशनवरून रिक्षा न करता सगळी वाट ते विचारत विचारत चालत आले होते, कारण रिक्षावाल्याला हिंदीतून पत्ता सांगता येईना. आत्या पुढे झाल्या, पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "दमलास काय रे दादा?"

सासरे तांब्या तोंडाला लावून उभे राहिले. पाणी संपल्यावर म्हणाले, "दमलो, बाय."

त्या दोघांकडे मला बघवेना. मी नारळ मोजल्यासारखं करत बसलो. सासऱ्यांनी खोली बघितली. बघण्यासारखं फार नव्हतं, एका नजरेत संपली. "एवढीच?" म्हणाले. "पुरते," आत्या म्हणाल्या. "वारा हाय पण," त्यांनी कबूल केलं आणि पाटावर बसले. ओवाळणं झालं. ताट वाढलं गेलं, आणि मग आत्यांनी आयुष्यभर साठवलेला आग्रह त्या एका माणसावर काढला. तो पुरे म्हणायचा, त्या वाढायच्या. त्याने ताटावर हात आडवा धरला तर बोटांवर वडा ठेवला. जेवून झाल्यावर ते सवयीने ताट उचलायला लागले तर त्या केवढ्यांदा ओरडल्या, "ठेव ते! पाहुणा हायस!"

पान लावता लावता सासरे म्हणाले, "सफाळ्याला स्टेशनवर विचारत होते, कुठे निघाला नटूनथटून."

"मग?"

"सांगितलं, बहिणीकडे चाललो. भाऊबीजेला."

"मग? काय बोलले?"

"काय बोलणार? आपापल्या बहिणीकडेच चालले होते सगळे." थोडा वेळ पान चघळून ते म्हणाले, "आता दिवाळी झाली, बाय. घरी कधी येतेस?"

"येईन ना. पण अशी तशी नाय येणार. माहेरी येणार मी. तू न्यायला ये." आणि मग हळू आवाजात, "माहेरी जायला आधी तिथून निघायला लागतं, दादा. मला ते कोण सांगणार होतं?"

सासऱ्यांनी मान हलवली. साठी ओलांडलेल्या त्या बाईला त्या दुपारी माहेर मिळालं. माझी बायको भिंतीकडे तोंड करून भांडी आवरत होती आणि तिची पाठ हलत होती.

उन्हं कलल्यावर सासरे निघाले. दारात आले आणि घुटमळले. या बहिणीचा निरोप घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, तेव्हा तो कसा घ्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी म्हणाले, "मग... जातो."

"येतो म्हण."

"येतो."

"सावकाश जा. पोचलास की फोन कर." आत्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. लिफ्टची दारं मिटली, आकडे एकेक करून खाली गेले, ते पार शून्यावर थांबेपर्यंत त्या बघत होत्या. मी म्हटलं, आता आत वळतील आणि निकाल देतील. त्या आत वळल्या. खोलीकडे बघितलं. पाट होता, रांगोळी थोडी विस्कटली होती, उष्टं ताट होतं, खिडकीतून वारा येत होता. एवढ्या हट्टाने मिळवलेल्या त्या खोलीच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, पाहुणा गेल्यावर घर असं होतं होय? मला हे ठाऊकच नव्हतं. तिथे कोण माझ्यासमोरून असं गेलंच नाय कधी."

बायकोने एव्हाना पर्स उचलली होती, आम्हालाही उजेडात घरी पोचायचं होतं. आम्ही दारापाशी जाऊन चपला पायांत सरकवल्या. आत्यांनी ताट उचललं, परत खाली ठेवलं.

"जरा थांबा हां तुमी," त्या म्हणाल्या. "सगळे एकदम नका जाऊ."

आम्ही चपला काढल्या आणि पुन्हा आत जाऊन बसलो.